कंपल्सरीचे सर : हिंगोलीतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकीचा मागोवा

१८३९ साली लंडनमध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलर आणि त्याच्या बरोबरीचे अधिकारी त्याच्याशी नेहमीचा देवघेवीचा व्यवहार करत. या हरीसिंगानं मुंबईहून कापड आणायचं म्हणून रीतसर परवाना काढला. शेजारच्या गावचा एक व्यापारी तसाच माल घेऊन येतो आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याला वाटेत गाठलं, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या माणसांना संपवलं आणि तोच माल आपल्या परवान्यावर छावणीत आणून राजरोस विकला. हा माणूस ठगांचा म्होरक्या आहे, हे साहेबांना कळलं ते फार उशिरा.

इंग्रजी कादंबरीत हिंगोली शिरली ती अशी. हिंगोलीच्या एखाद्या वर्गात इंग्रजी कादंबरी उघडायला मात्र त्यानंतर सव्वाशेच्या वर वर्षं जावी लागली. हा उशीर का झाला आणि शेवटी ते पुस्तक उघडलं कुणी, याचा माग काढत गेलं की या जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाची वंशावळ हाती लागते. ती पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकाच्या वंशावळीहून अगदी वेगळी आहे.

हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. फौज निजामाच्या नावाची, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी मात्र इंग्रज. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावं आजही शहरात चालतात. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, कर्ज चढत गेलं आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. म्हणजे हिंगोलीसारख्या ठाण्यांतल्या पलटणींच्या पगारापायी पैनगंगेपलीकडचा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला आणि खुद्द छावणीचं गाव निजामाकडेच राहिलं. पुढे वाशीम, अकोला, अमरावतीकडे इंग्रजी अंमलातल्या शाळा निघाल्या. नदीच्या अलीकडे साहेब राहत होता, त्याची परेड होत होती, दवाखाना होता. गावातल्या पोराला मात्र त्याच्या भाषेची ओळख झाली ती हुकमाच्या चार शब्दांपुरती. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, छावणीचा थाट उतरला आणि मोहल्ल्यांची नावं तेवढी मागे राहिली. इंग्रजी भाषा साहेबाच्या सहवासानं आपोआप पसरली, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला हिंगोलीचा दाखला द्यावा.

पुण्या-मुंबईकडची गोष्ट सगळ्यांच्या माहितीची आहे, म्हणून ती थोडक्यात. १८३५ चं मेकॉलेचं टिपण, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, १८५७ चं मुंबई विद्यापीठ. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी १८९४ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईतली मुलं शेक्सपिअर आणि मिल्टन परीक्षेसाठी वाचत होती. कवी वर्डस्वर्थचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्डस्वर्थच, डेक्कन कॉलेजात आणि नंतर एल्फिन्स्टनमध्ये प्राचार्य होता. त्या वर्गांतून शिकून निघालेल्यांनी स्वतःची कॉलेजं काढली. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरवरून ‘त्राटिका’ लिहिलं. त्याआधी आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं होतं. साहेबाकडून शिकायचं, साहेबाच्या भाषेत शिकवायचं आणि रात्री मराठीत लिहायचं, असा इंग्रजीच्या मराठी प्राध्यापकाचा एक साचा एकोणिसाव्या शतकातच तयार झाला. पुढे मर्ढेकर, विंदा करंदीकर, मं. वि. राजाध्यक्ष, वसंत कानेटकर, धारवाडला जी. ए. कुलकर्णी अशी किती नावं घ्यावीत. मराठी साहित्याचा केवढा तरी ऐवज इंग्रजीच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या माणसांनी दिला आहे.

मराठवाडा या साखळीत नव्हता. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा होती उर्दू. १८८७ चं हैदराबादचं निझाम कॉलेज इंग्रजी माध्यमाचं आणि मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं, पण ते राजधानीत आणि मोजक्यांसाठी. १९१७ च्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठाची स्थापना ठरली आणि एक धाडसी प्रयोग सुरू झाला. गणित, विज्ञान, इतिहास, कायदा, वैद्यक सगळं उर्दूतून शिकवायचं. त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग काढला आणि पाश्चात्त्य ग्रंथ एकामागून एक उर्दूत आणले. देशी भाषेतून विद्यापीठ चालवता येतं, हे या देशात उस्मानियानं दाखवून दिलं. त्याचं श्रेय त्याला मोकळ्या मनानं द्यायला हवं. पण आपल्या मागोव्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. माध्यम उर्दू असूनही उस्मानियानं इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. उर्दूतून शिका, पण इंग्रजीचा पेपर द्यावाच लागेल. इंग्रजीचा प्राध्यापक इथे सगळ्या विद्येचा मुख्य दरवाजा नव्हता. तो एका सक्तीच्या पेपराचा माणूस होता. मराठवाड्यातल्या या पेशाचा पाया इथे पडला, असं मला वाटतं.

आता त्या काळातल्या मराठी मुलाची अवस्था बघा. घरात मराठी, तीही वसमत-कळमनुरीकडची. शाळेत उर्दू. आणि वरून इंग्रजी, जी बोलणारा माणूस पंचक्रोशीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठवाड्यात कॉलेज म्हणाल तर औरंगाबादचं, १९२३ मध्ये सुरू झालेलं. उर्दूचे मोठे विद्वान मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. त्याच १९२३ साली वऱ्हाडात अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं, इंग्रजी माध्यमाचं. दोन्हीकडे मुलं मराठीच, पण एकाला साहेबाच्या भाषेतून पदवी आणि दुसऱ्याला उर्दूतून. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियानं विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना आश्रय दिला. एका विद्यापीठाचं दार बंद झालेली ही मुलं दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या माध्यमात जाऊन शिकली. चळवळीतल्या या माणसांना शिक्षणसंस्थांचं मोल कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

या भाषांच्या गुंत्याचं सर्वांत मोठं उदाहरण हिंगोलीच्याच मातीतलं आहे. नरहर कुरुंदकर १९३२ साली कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला जन्मले; घराणं वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, म्हणून शिक्षणासाठी हैदराबादला. आणि हा प्रचंड वाचणारा मुलगा इंटरला एकाहून अधिक वेळा नापास झाला. पुढे नांदेडला शाळेत शिकवत शिकवत १९६३ मध्ये एम.ए. झाले आणि पीपल्स कॉलेजात मराठी शिकवू लागले, शेवटी तिथेच प्राचार्य. कुरुंदकर इंग्रजीचे प्राध्यापक नव्हते. तरी इथे त्यांना वगळता येत नाही, कारण इंग्रजी ग्रंथांतला विचार मराठवाड्याच्या सभा-संमेलनांत, खेड्यापाड्यांतल्या व्याख्यानांत त्यांनी ज्या ताकदीनं आणला, तसा तो कुठल्याही वर्गातून आला नाही. परीक्षेनं ज्याला अडवलं त्यानं पुढे सगळ्या विभागाला वाचायला लावलं. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. माध्यम बदललं, राज्य बदललं. त्यानंतर दोनच वर्षांत मराठवाड्यात दोन महत्त्वाची कॉलेजं निघाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानं नांदेडचं पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं औरंगाबादचं कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. दोन्ही १९५० ची. काढणारे दोघेही सत्तेशी झगडलेले, आणि दोघांनाही आपल्या मुलांना इंग्रजी यावी असं मनापासून वाटत होतं. छावणीनं शंभर वर्षांत जे दिलं नाही, ते निजामाशी आणि जातीशी लढलेल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर आणलं. हिंगोलीच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाचे पूर्वज शोधायचे तर ते मेकॉलेच्या टिपणात नाहीत. ते इथे आहेत.

मिलिंदमध्ये या पेशाला एक वेगळंच वळण मिळालं. तिथे इंग्रजी शिकवणारे आणि पुढे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत जाऊन शिकून आले. येताना त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आणली. गुलामगिरीतून आलेला माणूस स्वतःचं दुःख स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि ते साहित्य म्हणून उभं राहतं, हे त्यांनी मिलिंदच्या नागसेनवन परिसरातल्या तरुणांना दाखवलं. दलित साहित्याची जी उभारणी तिथून झाली, तिच्यात वानखेड्यांचा वाटा मोठा आहे. शेक्सपिअर-मिल्टनच्या चौकटीत वाढलेल्या पुणेरी परंपरेला अमेरिकेचं हे पुस्तक असं उघडायला सुचलं नव्हतं. परकी भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या हाती किती मोठी गोष्ट असू शकते, याचं मराठीतलं यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला तरी माहीत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. मुंबई विद्यापीठाच्या कारभाराचा दांडगा अनुभव असलेले डोंगरकेरी पहिले कुलगुरू. आणि मग कॉलेजांची लाट जिल्ह्यांकडून तालुक्यांकडे सरकू लागली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. आज हिंगोलीत आदर्श आणि शिवाजी, वसमतला मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या नावाचं बहिर्जी स्मारक, औंढ्याला नागनाथ, कळमनुरीला शंकरराव सातव, सेनगावला तोष्णीवाल अशी पाचही तालुक्यांत महाविद्यालयं आहेत. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीचा प्राध्यापक असतोच, मग तिथे बी.ए.ला ऐच्छिक इंग्रजी असो वा नसो. याचं कारण कंपल्सरी.

ही कंपल्सरीची भानगड बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. ऐच्छिक किंवा ऑप्शनल इंग्रजी म्हणजे साहित्य: कादंबरी, नाटक, कविता, समीक्षा. तालुक्याच्या कॉलेजात तो विषय घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. कंपल्सरी इंग्रजी मात्र सगळ्यांना असे. वर्गात शे-सव्वाशे नावं. याच तासांच्या बेरजेवर इंग्रजीचं पद मंजूर व्हायचं, याच वर्कलोडवर ते टिकायचं. म्हणजे ‘मॅक्बेथ’ शिकवायची हौस असलेल्या माणसाची भाकरी ‘मॅक्बेथ’वर कधीच नव्हती, ती होती कंपल्सरीवर, उस्मानियापासून चालत आलेल्या त्याच सक्तीच्या पेपरावर. गावात त्याची ओळखही तीच. इतिहासाचे सर, मराठीच्या मॅडम, आणि हे कंपल्सरीचे सर.

त्या तासात काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. क्रमिक पुस्तक म्हणजे निवडक गद्य-पद्याचा संग्रह, पूर्वी बहुधा हैदराबादच्या ओरिएंट लाँगमनसारख्या प्रकाशनाचा. सर परिच्छेद इंग्रजीत वाचतात, थांबतात, मराठीत समजावतात, अवघड शब्द फळ्यावर लिहितात. मुलं पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून घेतात. पुस्तक नसलं तर गाईडात. असल्या संग्रहांतून ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ फिरत असते: नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घ्यायची म्हणून बायको आपले लांब केस विकते आणि तिच्या केसांसाठी फण्या घ्यायच्या म्हणून नवरा घड्याळ विकून बसतो. न्यूयॉर्क आणि नाताळ या दोन्ही गोष्टी मागच्या बाकावरच्या पोराला लांबच्या. पण पेरणीच्या तोंडावर आईनं मंगळसूत्र सावकाराकडे दिलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. चांगला शिक्षक इथे घाई करत नाही. व्याकरणाचा भाग उद्यावर ढकलतो आणि वर्गाला बोलू देतो, मराठीत का होईना. त्या अर्ध्या तासात कंपल्सरीचा पेपर साहित्याचा होतो. विद्यापीठाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हे लिहिलेलं नाही, आणि या पेशाचं खरं काम हेच आहे.

त्याच वर्गाची दुसरी बाजूही आहे. हळद काढणी आणि शिजवणी सुरू झाली की वसमत-हिंगोलीकडचे वर्ग निम्मे होतात, आणि परीक्षाही त्याच सुमाराला तोंडावर असते. शेवटची एस.टी. गाठायची म्हणून दुपारच्या तासाला मुली अर्ध्यातून उठतात. नापासांची यादी लागली की तिच्यात इंग्रजी सर्वांत पुढे. आधीची पिढी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. महाराष्ट्रानं पहिलीपासून इंग्रजी केली ती २००० साली, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली तुकडी कॉलेजच्या प्रथम वर्षाला आली ती २०१२ मध्ये. अक्षरओळख आणि पाठांतर वाढलं. पण वाक्य स्वतः जुळवायचं धैर्य घरातून आणि शाळेतून यावं लागतं. ते आलं नाही आणि कॉलेजातल्या सरांना पुन्हा ‘मी आहे, तू आहेस’पासून सुरुवात करावी लागली. यासाठी सरांनाच दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला हा दोष अन्यायाचा वाटतो. शे-सव्वाशेच्या वर्गात भाषा शिकवता येत नाही, भाषेविषयी सांगता येतं, आणि हे विद्यापीठालाही माहीत आहे.

हे सर स्वतः शिकले कुठे? औरंगाबादला, पण तेवढंच नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्रजीचा संशोधक हिंगोलीहून निघायचा तो हैदराबादला. तेव्हाचा पूर्णा-अकोला मीटरगेज मार्ग वसमत, हिंगोलीवरून जाणारा. जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून हैदराबादेकडे जायची. तिथे दोन मोठी ठिकाणं होती. एक, १९५८ मध्ये स्थापन झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था, म्हणजे पुढचं सीआयईएफएल आणि आताचं इफ्लू. एके काळी वि. कृ. गोकाक तिचे संचालक होते. परकी भाषा कशी शिकवायची, याचं शास्त्र तिथे शिकायला मिळे. दुसरं, उस्मानियाच्या आवारातलं अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर. अमेरिकन साहित्याची आणि समीक्षेची इतकी पुस्तकं एका छताखाली दुसरीकडे सापडत नव्हती. पीएच.डी. करणारा दिवाळीच्या सुट्टीत जायचा, दिवसभर टिपणं काढायचा, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन परत. मराठवाड्यात फॉक्नर, हेमिंग्वे, आर्थर मिलर, टोनी मॉरिसन यांच्यावर जे एवढे प्रबंध झाले, त्याचं एक कारण हे ग्रंथालय रात्रीच्या गाडीच्या अंतरावर होतं, हे आहे. निजामाचं राज्य गेलं, पण हैदराबादची वाट या पेशापुरती तरी मोडली नाही.

या नोकरीचं मराठीतलं सर्वांत सविस्तर चित्र भालचंद्र नेमाड्यांनी काढलं. ते स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. नगर, धुळे अशा ठिकाणी शिकवून नंतर मराठवाडा विद्यापीठात बरीच वर्षं इंग्रजी विभागात. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा गावोगावच्या कॉलेजांत नोकऱ्या बदलत फिरणारा इंग्रजीचा लेक्चरर. संस्थाचालक, गटबाजी, जातीची गणितं, भाड्याच्या खोल्या, कायम होण्याची धास्ती हे सगळं त्यात आहे. पुढे नेमाड्यांनी देशीवाद मांडला आणि इंग्रजीच्या वर्चस्वावर कठोर टीका केली. इंग्रजीच्याच पगारावर जगून इंग्रजीवर टीका कशी, असं म्हणणारे होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. लहान गावात इंग्रजी शिकवणाऱ्याला या भाषेचा भार विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर रोज दिसतो. त्यानं ते बोलायचं नाही तर कुणी?

पगाराची गोष्ट सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. १९७३ च्या यूजीसी वेतनश्रेणीत लेक्चररला ७००-१६०० मिळू लागले. १९८६ ला २२००-४०००, १९९६ ला ८०००-१३५००, आणि २०१६ पासून सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७००. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात हा आकडा काय असतो ते वेगळं सांगायला नको. ज्या पेशाकडे एके काळी ध्येयवादी माणसं वळली, त्यावर आता सगळ्या घराची नजर लागली. १९९१ पासून या नोकरीसाठी नेट ही पात्रता परीक्षा आवश्यक झाली; महाराष्ट्राची सेट १९९५ ला सुरू झाली. १९९१ ते २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांचा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत आणि आंदोलनांत राहिला. गुणवत्तेचा उंबरठा हवाच होता. पण उंबरठा ओलांडून आलेल्यांपुढे दारच नसेल तर?

तसंच झालं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि हिंगोलीची महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. एम.ए. इंग्रजी आता विष्णुपुरीच्या आवारात, एस.टी.च्या अंतरावर आलं. मुली मोठ्या संख्येनं शिकू लागल्या. सेनगाव, औंढ्याकडची, घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलगी एम.ए. करते, सेट होते, आणि मग तासिका तत्त्वावर म्हणजे सी.एच.बी.वर लागते. जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन. सुट्ट्यांचं नाही, परीक्षेच्या दिवसांचं नाही, मेमध्ये काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पूर्णवेळ सहायक प्राध्यापक जे शिकवतो तेच ती शिकवते, त्याच वर्गाला, त्याच पुस्तकातून. निवृत्त झालेल्या सरांची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही आणि वर्कलोड अशा मुलामुलींमध्ये वाटला जातो. कायम जागा निघालीच तर तिच्यासाठी काय मोजावं लागतं याची चर्चा चहाच्या टपरीवर उघड चालते. हे थांबवणं सरकारच्या हातात आहे, आणि ते थांबवलं पाहिजे. स्वामीजींनी आणि बाबासाहेबांनी कॉलेजं काढली तेव्हा शिक्षक हा त्यांच्या लेखी पाहुणा मजूर नव्हता.

केंद्रानं उच्च शिक्षणात मागे असलेल्या ३७४ जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले सात होते, आणि त्यांत हिंगोली. या योजनेतून हिंगोलीला मॉडेल डिग्री कॉलेज मिळालं, नांदेड विद्यापीठानं चालवलेलं. मागासलेपणाच्या यादीत नाव येणं दुखतं, पण त्यातून एक कॉलेज आलं, हेही खरं.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. कंपल्सरी इंग्रजी हे नाव जाऊन तिथे क्षमतावर्धनाचा अभ्यासक्रम आला, दोन क्रेडिटचा. इंग्रजीचं ओझं कमी झालं म्हणून काहींना बरं वाटतं. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. इंग्रजीच्या एका पेपरानं पदवी अडलेली माणसं गावोगाव आहेत. पण दोन क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, आणि पूर्णवेळ पदाला लागतात आठवड्याला सोळा. ऐच्छिक इंग्रजी जिथे आहे तिथे ही बेरीज कशीबशी जुळते. जिथे ते नाही त्या कॉलेजांत इंग्रजीचं पद आता कोणत्या तासांवर मागायचं, हा प्रश्न प्राचार्यांपुढे आहे. त्यावर एक उपाय साधा आहे: अशा प्रत्येक महाविद्यालयात ऐच्छिक इंग्रजी सुरू करायला परवानगी द्या, पहिल्या वर्षी दहाच मुलं आली तरी चालतील, आणि त्या दहांसाठी पूर्ण पगाराचा एक माणूस नेमा.